वतन, सोयरीक आणि सातबारा



भात झोडून झालं, गवत रचून ठेवलं, कलमांच्या बुडातली साफसफाई चालू आहे. थोडी उसंत आहे म्हणून आज खत-फवारणीचं लिहीत नाही. आज जमिनीच्या इतिहासाचं लिहितो. हा इतिहास राजे-रजवाड्यांचा वाटेल, पण शेवटी तो तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावरच येऊन थांबतो. जरा मोठं आहे, दुपारी निवांत वाचा.

आपल्याकडे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. अमक्या घराकडे अख्ख्या गावाची जमीन आली कुठून? आणि आली तर मग गेली कुठे? आज त्याच घरातला नातू मुंबईत दोन खोल्यांत राहतो आणि गावच्या जमिनीत त्याचा वाटा किती हे त्यालाही सांगता येत नाही. लोक म्हणतात नशीब. मला तसं वाटत नाही. जुनं वाचत गेलो, म्हाताऱ्यांना विचारत गेलो, तेव्हा एक गोष्ट दिसली. मोठ्या जमिनी सोयरिकीने आणि वतनाने वाढल्या, वाटणीने मोडल्या, आणि शेवटी ज्याचं नाव ठरलेल्या तारखेला कागदावर होतं त्याच्याकडे राहिल्या. कसणारा कोण हे कागदावर आलं तेव्हाच त्याला न्याय मिळाला. नाही आलं तेव्हा नाही मिळाला.

सुरुवात कुडाळपासून करू. कुडाळ प्रांताची देशकत, म्हणजे वसूल गोळा करायचा आणि त्यातला हक्क खायचा अधिकार, आधी प्रभू घराण्याकडे होता. पुढे तो सावंत-भोसल्यांच्या हाती गेला. सतराव्या शतकात विजापूरची आदिलशाही एका बाजूला आणि शिवाजी महाराज दुसऱ्या बाजूला, अशा काळात सावंतांनी आपलं बस्तान बसवलं. त्यांना सरदेसाई म्हणत. म्हणजे मुळात ते वसुलीचे वतनदार, हळूहळू राजे झाले. त्यांची राजधानी ती सावंतवाडी. मालवणात १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्यामुळे आपला किनारा मराठ्यांच्या आरमाराचा झाला आणि पुढे तो कोल्हापूरकर छत्रपतींच्या ताब्यात राहिला. थोडक्यात, एका बाजूला वाडी, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. मध्ये आपले गाव आणि आपली भातशेती.

आता सोयरीक बघा. खेम सावंत तिसरे यांनी १७५५ ते १८०३ असं जवळजवळ ४८ वर्षं राज्य केलं. १७६३ साली त्यांचं लग्न शिंदे घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं. शिंदे म्हणजे ग्वाल्हेरचे, महादजींचं घर. कुठे ग्वाल्हेर आणि कुठे सावंतवाडी. पण त्या काळी दिल्लीच्या बादशहाकडे शिंद्यांचं वजन होतं. त्या वजनावर वाडीकरांना 'राजे बहादूर' हा किताब मिळाला. किताब मिळाला म्हणून कोल्हापूरकर चिडले, त्यांनी वाडीवर चाल केली, काही किल्ले घेतले. आणि ते किल्ले परत मिळाले तेही शिंद्यांच्याच वजनामुळे. एका लग्नाने एवढं झालं. आपण लग्नात मानपान आणि जेवणाच्या पंगती मोजतो, त्यांनी किल्ले मोजले.

पण सोयरिकीवर उभं राहिलेलं घर सोयऱ्याबरोबरच हलतं. १८०३ साली दोन गोष्टी एकदम झाल्या. खेम सावंत वारले, पोटी मुलगा नाही. आणि त्याच साली २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे इंग्रजांकडून हरले. वाडीचा वारसही नाही आणि पाठीराखाही दुबळा झाला.

असईला शिंद्यांना हरवणारा इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे यानेच नेपोलियनला वॉटर्लूला हरवलं. हा माणूस जन्माने डब्लिनचा, आयर्लंडातल्या एका जमीनदार घराण्याचा धाकटा मुलगा. त्याच्या घराण्याची गोष्ट आपल्या वतनदारांच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. म्हणून थोडं आयर्लंडला जाऊन येऊ.

आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या शेजारचं बेट. हवा ओलसर, पाऊस वर्षभर, गवत भरपूर. इंग्लंडने ते जिंकलं आणि बरीचशी जमीन आपल्या बाजूच्या घराण्यांना वाटली. एकेका घराण्याकडे हजारो एकर. मध्ये मोठा वाडा, भोवती भिंत घातलेली बाग आणि गुरांचं रान, वसुलीला कारभारी, आणि बाहेर खंड भरणारी कुळं. कुळाने घर बांधलं, बांध घातला, चर काढला, तरी ते सगळं मालकाचं. कित्येक कुळांकडे पट्टा वर्षापुरताच असायचा. ओळखीचं वाटतं ना?

त्यांची वारसाची रीत मात्र आपल्याहून वेगळी. जमीन वाटायची नाही. सगळी इस्टेट थोरल्या मुलाला. धाकट्यांनी फौजेत जायचं, चर्चमध्ये पाद्री व्हायचं नाहीतर नोकरीसाठी हिंदुस्थानात यायचं. लग्नाआधी दोन्ही घरांत लेखी करार व्हायचा. मुलीने किती पैसा आणायचा, नवरा मेला तर विधवेला वर्षाला किती द्यायचं, धाकट्या मुलांना आणि मुलींना किती रक्कम द्यायची, सगळं त्यात लिहिलेलं. म्हणजे जमीन अखंड, पण तिच्यावर देणी.

वेलस्लींचं घर बघा. त्यांचं मूळ आडनाव वेलस्ली नव्हेच. रिचर्ड कॉली नावाच्या माणसाला १७२८ साली वेस्ली आडनावाच्या नातलगाची मीथ परगण्यातली इस्टेट मिळाली आणि इस्टेटीबरोबर त्याने वेस्ली हे आडनाव घेतलं. आपल्याकडे याला दत्तक म्हटलं असतं. त्याचाच नातू आर्थर. बाप १७८१ साली वारला, मागे कर्ज ठेवून. इस्टेट गेली थोरल्या रिचर्डकडे, त्याने १७९३ साली डांगनचा वाडा आणि जमीन विकून टाकली. पुढे तोच रिचर्ड आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि घरच्या जमिनीत ज्याला वाटा नव्हता तो धाकटा आर्थर फौजेत गेला, तो थेट असईच्या मैदानात पोचला. आयर्लंडातल्या एका घराच्या वाटणीच्या रीतीचा सिंधुदुर्गाशी संबंध आहे तो असा.

आता परत वाडीत येऊ. खेम सावंतांच्या मागे राण्या, दत्तक, भाऊबंदांचे हक्क, मारामाऱ्या, कोल्हापूरकरांची चढाई, हे सगळं सुरू झालं. दत्तक घेतलेला रामचंद्र सावंत १८०७ साली मारला गेला. पुढे कारभार दुर्गाबाईंच्या हाती आला. या भानगडीत इंग्रज शांतपणे आपलं साधत होते. १८१२ साली कोल्हापूरकरांनी तहात मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांना दिला आणि त्याच साली वाडीकरांकडून वेंगुर्ला गेलं. १८१९ साली इंग्रज फौजेने रेडीचा यशवंतगड आणि निवती घेतली, आणि वाडी संस्थानाने इंग्रजांचं वर्चस्व मान्य केलं. १८३८ साली संस्थानचा कारभारच इंग्रजांनी हातात घेतला.

याचा परिणाम आपल्या शेतावर काय झाला? मालवण-वेंगुर्ला इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात आणि कुडाळ-सावंतवाडी संस्थानात. एकाच पट्ट्यात दोन राज्यं. सोयरीक हद्दीच्या दोन्ही बाजूंना, देवाचा मान दोन्ही बाजूंना, पण जमिनीचे कायदे वेगळे. म्हणूनच आजही आपल्या जिल्ह्यात एका तालुक्याचं जुनं दप्तर एका भाषेत बोलतं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, पण जुनी नोंद जुनीच राहिली.

राजाच्या खालची पायरी म्हणजे खोत. खोतीचा खरा जोर उत्तरेला, दापोली-खेड-चिपळूण बाजूला. आपल्याकडे काही गाव खोतीचे, काही धारेकऱ्यांचे. धारेकरी म्हणजे जो आपला धारा थेट सरकारला भरायचा. खोतीच्या गावात मध्ये खोत. तो सरकारला गावाचा ठरलेला वसूल द्यायचा आणि कुळांकडून आपला घ्यायचा. मधलं राहिलं ते त्याचं. भाताच्या मळ्यात अर्धेल, म्हणजे निम्मं पीक खोताचं. वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकली तर तिर्धेल, तिसरा हिस्सा. पीक शेतात उभं असतानाच अंदाज करायचा, त्याला अभावणी म्हणत. अंदाज खोताच्या माणसाने केलेला, तो कुळाच्या बाजूने कशाला चुकेल? वर वेठ, म्हणजे खोताच्या शेतावर फुकट राबणं. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते. यात एका जातीचा दोष काढण्यात अर्थ नाही, व्यवस्थाच तशी होती. लोकमान्य टिळकांचं दापोलीतल्या चिखलगावचं घराणंही खोतांचंच.

खोती हे वतन वंशपरंपरेचं. पण आयर्लंडसारखं थोरल्याला अखंड नाही. आपल्याकडे सगळे भाऊ वाटेकरी. दोन पिढ्यांत चार हिस्से, चार पिढ्यांत सोळा, पुढे आणे-पैचे हिस्से. मग गावचा वसूल कोण करणार? त्यासाठी पाळी लावायची. या वर्षी थोरल्या घराने वसूल करायचा, पुढच्या वर्षी मधल्याने. ज्याची पाळी त्याला पुढच्या वर्षाची फिकीर नाही. आपल्या पाळीत जेवढं निघेल तेवढं काढायचं. बांध फुटला, खारबंदिस्ती गेली तर पुढच्याने बघावं. भाड्याची गाई जशी दुभतात तशी जमीन दुभली गेली. कुळाला मात्र दर वर्षी नवा धनी.

थोरल्याला अखंड दिलं तर एकाच घराकडे फार होतं, वाटलं तर सगळ्यांकडे थोडं होतं. माणुसकीने बघितलं तर आपली रीत बरी. पण वाटणी तोंडी ठेवली, मोजणी केली नाही, नुसते आणे-पै लिहिले, तर जमीन कोणाचीच राहत नाही. मला वाटतं खोत घराणी कायद्याने मोडायच्या आधी या पाळीने अर्धी मोडली होती.

याच्या उलट उदाहरण आपल्या आचऱ्याचं. आचरा गाव श्री देव रामेश्वराचं इनाम. लोक देवालाच इनामदार म्हणतात. देवाला मुलं नाहीत, सुना नाहीत, भाऊबंद नाहीत. कायद्याच्या नजरेत देव कायमचा अज्ञान, म्हणजे त्याच्या वतीने दुसऱ्याने बघायचं, पण विकायचं नाही. त्यामुळे देवस्थानची जमीन टिकते. फायदा तोच आणि अडचणही तीच. कसणारा पिढ्यान् पिढ्या कसतो, कलमं लावतो, पण विकायला, तारण ठेवायला त्याला वाव नाही.

आता कसणाऱ्याच्या बाजूने बघू. खोत आणि कुळांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा इंग्रज सरकारने १८८० साली खोती कायदा केला. त्यात एक तारीख होती. जो कूळ १८४५-४६ सालापासून ती जमीन सलग कसत आला आहे हे सिद्ध होईल तो कायम कूळ. त्याला खोताने काढायचं नाही आणि त्याचा हक्क त्याच्या मुलांना मिळेल. पण खोताच्या संमतीशिवाय त्याने जमीन दुसऱ्याला द्यायची नाही. गावोगाव नोंदी झाल्या, त्यांना बोटखत म्हणतात. जुन्या वादांत अजून हे बोटखत काढलं जातं.

विचार करा. १८४५ साली आपला पणजोबाचा बाप शेत कसत होता हे १८८० नंतर दाखवायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने. गावचं दप्तर ज्याच्या घरात तो खोतच. ज्याच्याकडे पावती, साक्षीदार किंवा धीर होता त्याचं नाव चढलं. बाकीचे साधे कूळ राहिले. शेत तेच, घाम तोच, फरक एका ओळीचा.

योगायोग असा की आयर्लंडातही १८४५ सालच महत्त्वाचं. त्या वर्षी बटाट्यावर करपा आला. आजच्या भाषेत लेट ब्लाइट, फायटोप्थोरा. आपल्या सुपारीवर पावसात कोळे रोग येतो तो याच कुळीतल्या रोगकारकाने. तिथल्या गरीब कुळाचं अन्न बटाटाच, कारण जमिनीचा तुकडा लहान आणि धान्य-जनावरं खंडापायी विकावी लागत. चार-पाच वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. खंड थांबला तसे जमीनदारही बुडाले, कारण इस्टेटीवर लग्नाच्या करारातली देणी आणि कर्जं होतीच. १८४९ साली कर्जबाजारी इस्टेटी विकण्याचा कायदा आला आणि कित्येक जुनी घराणी संपली. मालक बदलले, कूळ तिथेच राहिलं.

मग १८७९ साली तिथे लँड लीग उभी राहिली. बेदखल झालेल्या कुळाच्या घरातला मायकल डेव्हिट आणि स्वतः जमीनदार असलेला पार्नेल दोघे एकत्र आले. १८८० साली मेयो परगण्यात एका लॉर्डचा कारभारी होता कॅप्टन बॉयकॉट. त्याच्याकडे कामाला जायचं नाही, त्याला सामान विकायचं नाही, असं गावाने ठरवलं. बॉयकॉट हा शब्द तिथून आला. १८८१ साली रास्त खंड आणि कुळाला संरक्षण देणारा कायदा झाला. १९०३ साली सरकारने कुळांना जमीन विकत घ्यायला मोठ्या मुदतीचं कर्ज दिलं. आणि महत्त्वाचं म्हणजे सरकारी मदतीने घेतलेली जमीन रजिस्टरला नोंदवणं १८९१ च्या कायद्याने सक्तीचं होतं. कूळ मालक झालं ते कागदासकट झालं.

आपल्याकडे तशी लढाई लढली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ साली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असा संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे शेत पडीक ठेवणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच कळेल. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे मारले, पण मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. पण स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा झाला आणि १९५० पासून खोताचा वसुलीचा हक्क संपला.

त्यानंतर कुळकायदा. १९४८ चा कायदा आणि त्याची तारीख १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला. ३२ ग प्रमाणे किंमत ठरवायची, ती भरली की ३२ म चं सर्टिफिकेट. आपल्यातल्या कित्येकांच्या जमिनी अशाच आल्या.

इथेही नोंद आलीच. सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव आहे का, खंडाची पावती आहे का? आणि इथे नातीगोतीही आली. मालक विधवा असेल, अज्ञान मुलगा असेल किंवा अपंग असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जायची. हेतू चांगला होता, विधवेचं पोट जमिनीवर असतं. पण पुढे तो अडसर दूर झाल्यावर कुळाने मुदतीत नोटीस द्यायला हवी होती. किती कुळांना हे कुणी सांगितलं? मालकीण वारली हे कळायला पाहिजे, मुदत माहीत पाहिजे, तालुक्याला जायला एसटीला पैसे पाहिजेत. मुदत गेली, हक्क अडकला. काही वाद अजून चालू आहेत.

नावाची ओळ नसली तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात वर घाटात आहे. आंबोली, गेळे, चौकुळ. संस्थानच्या काळात तिथल्या गावकऱ्यांनी मिळून वसुलाची कबुलायत दिली होती. म्हणून ते कबुलायतदार गावकर. खोत नाही, सावकार नाही, सगळ्या गावाची जमीन सगळ्या गावाने सांभाळायची. किती चांगली पद्धत! पण नोंद सामूहिक, एकेका कुटुंबाचं नाव एकेका तुकड्याला नाही. पुढे सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं आणि पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं स्वतःच्या गावात हक्काविना झाली. कर्ज नाही, योजना नाही. मोर्चे, बैठका, निवेदनं यात वर्षामागून वर्षं गेली. तिथे जुलमी खोत नव्हता. तरी कसणारा अडकला, कारण कागद एकट्याचं नाव सांगत नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. आज खोत नाही, वेठ नाही, अभावणी नाही. पण खोतांची पाळी जशी वतनाला खाऊन गेली तसा सामायिक सातबारा आपल्याला खातोय. आमच्या घराच्या एका कातळाच्या गटावर तीस-पस्तीस नावं आहेत, त्यातली निम्मी वारलेली. कुणाची मुलं मुंबईत, कुणाची सुरतेला, कुणाच्या मुलीचं नाव लागलेलंच नाही. कसणारा एक. विमा, पीककर्ज, फळबाग अनुदान, सौर पंप, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या संमतीचा कागद. मग बाहेरचा खरेदीदार येतो, मुंबईतल्या एकाचा अविभक्त हिस्सा विकत घेतो आणि कायद्याने तो आपला नवा भाऊबंद होतो. हा काय पाळीने वसूल करत नाही, थेट दावा लावतो.

कृषी खात्यातले जे मित्र हे पान वाचतात त्यांनाही सांगतो. कोकणातला शेतकरी जुनी कलमं काढून घन लागवड का करत नाही, बांधबंदिस्ती का करत नाही, कातळावर पाण्याची टाकी का बांधत नाही, तर दर वेळी तो आळशी असतो म्हणून नव्हे. वीस वर्षांचं झाड लावायचं आणि जमीन वीस जणांची. आयर्लंडच्या कुळाने चर का काढला नाही, तेच उत्तर.

तेव्हा करण्यासारखं काय ते लिहितो.

घरात कुणी वारलं की तीन महिन्यांत वारसाची वर्दी तलाठ्याकडे द्या. आता ऑनलाइनही होते. गाव नमुना ६ क मध्ये नोंद झाली का ते बघा, नुसता अर्ज देऊन घरी येऊ नका. बहिणींची नावं लावा. पुढे हक्कसोड करायचं असेल तर त्या स्वखुशीने करतील, पण नावच लपवलं तर तो वाद नातवंडांच्या गळ्यात पडतो.

जुने फेरफार काढून घ्या. सातबारा आजचं सांगतो, फेरफार सांगतो जमीन आली कशी. कुळकायद्याने आलेली असेल तर ३२ म चं सर्टिफिकेट घरात आहे का ते शोधा. ते मिळून दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या ४० पट रक्कम भरून कलम ४३ ची विक्रीची अट सुटते. आपल्याकडचा आकार पैशा-रुपयांत असतो, त्यामुळे रक्कम फार होत नाही.

भाऊबंदांचं एकमत असेल तर कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून संमतीने वाटप करून घ्या, आणि मोजणी करून पोटहिस्से पाडा. वाटणी झाली की घर मोडलं असं समजू नका. मोजलेली वाटणी भावांना बोलतं ठेवते. न मोजलेली कोर्टात नेते.

चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात. आरती झाली की एक दुपार या कामाला ठेवा. ज्याला हिस्सा नको त्याच्याकडून तसं लिहून घ्या, ज्याला हवा त्याला दाखवून द्या.

सावंत-भोसल्यांना शिंद्यांची सोयरीक होती, खोतांना वतनाचा कागद होता, वेलस्लींना आडनावासकट इस्टेट मिळाली. आपल्या आज्या-पणज्याकडे यातलं काही नव्हतं. त्यांना जमीन मिळाली ती चरीसारख्या लढ्यांनी आणि १९५७ च्या एका तारखेने. ती नोंद पुढे चालू ठेवणं एवढंच आपलं काम आहे, आणि त्याला लागतो एक अर्ज आणि तालुक्याच्या दोन-तीन खेपा.

पुढच्या वेळी मोहोर आणि तुडतुड्यावर लिहितो. तोपर्यंत आपापला सातबारा एकदा काढून बघा, आणि त्यावर वारलेल्या माणसांची नावं किती ते मोजा.